एकाच्या आत

पहिल्या रात्री आकडा आला शून्य पूर्णांक शून्य तीन
आणि मी खुर्चीतून उठून चक्क नाचले.
कंटेनरचं पत्र्याचं छप्पर, बाहेर शिराकच्या पठारावरचा वारा,
पडद्यावर माझी रेघ ठिपक्यांमधून अशी गेलेली
जसा सुईतून दोरा.

वार्दुही चहा घेऊन आली. वाकून बघितलं.
"शून्य शून्य तीन," म्हणाली, "कशाचे?"

मी ठिपके दिले होते.
प्रत्येक ठिपका किती डळमळतो, ते दिलंच नव्हतं.
अशा वेळी यंत्र हुज्जत घालत नाही.
ते मोजलेल्या वेगानेच फरकाला भागतं
आणि जे उरेल त्याला तफावत म्हणतं.
"तीन टक्के. बरे की वाईट?
पट्टी हरवून बसलीस आणि उंची सांगतेयस."

सकाळी पुन्हा वर्तुळ आखलं.
ग्नेलने गाडीतून दहा सेन्सर उतरवले,
पंधरा पावलांवर, मग साठ, मग दोनशे,
शेवटचा जर्दाळूच्या बागेच्या बांधाला टेकून.
आम्ही काहीच केलं नाही, गप्प बसलो.
जमीन आपणहून पुटपुटत होती :
ट्रक, मेंढ्या, ग्युम्रीकडची मालगाडी,
आणि त्यांच्याही खाली, फार मंद,
कुठल्या तरी समुद्राची धाप.

दीड तासाच्या ध्वनीचे तुकडे केले, एकेकाला विचारलं.
बारा हर्ट्झला सगळ्यांचं एकमत :
सेकंदाला दोनशे ऐंशी मीटर, थोडं इकडे-तिकडे.
दोन हर्ट्झला मात्र पंचायत बसली.
कुणी सहाशे म्हणे, कुणी साडेआठशे,
एक तर तेराशेवर अडून बसला (त्याला मी वगळला,
आणि वगळला हे वहीत लिहिलं).
खोल पोचणाऱ्या लाटा याच,
आणि यांच्याच साक्षीला इतके फाटे.

आता ठिपक्यांना उभ्या काड्या फुटल्या,
उजवीकडे आखूड, डावीकडे हातभर.
रात्रभर यंत्राने वीस हजार जमिनी रचल्या आणि मोडल्या.
सर्वांत कमी तफावत शून्य पूर्णांक एकतीस.
मी तिच्यावर बोट ठेवलं.
"काढ ते बोट," वार्दुही म्हणाली.
"एकाच्या आत आल्यावर पहिला नंबर काढायचा नसतो.
तिथून पुढे तू जमीन नाही,
ट्रकचा आवाज गिरवतेयस."

मग एकाच्या आतल्या सगळ्या एकावर एक ठेवल्या.
वरचे वीस मीटर : एकच जाड काळी रेघ.
खाली रेघा पांगल्या, केस मोकळे सोडावेत तशा.
खडक कुठे अठ्ठेचाळीसवर, कुठे त्रेसष्टवर,
कुठे एक्क्याऐंशीवर, आणि सगळेच निर्दोष.
मी आणखी तीस हजार मागणार होते.
पण आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

संध्याकाळी सेरोब आले, शाळेचे मुख्याध्यापक.
नवी इमारत जुन्याच जागी उभी राहायची आहे.
जुन्या शाळेचं घड्याळ त्यांनी ऑफिसात टांगलंय,
अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरातलं,
बाराला एकोणीस मिनिटं कमी. त्याला कसलीच काडी नाही.

"खडक किती खाली?"
मी तोंड उघडलं आणि त्रेसष्ट जिभेवर आलं.
गिळलं.
पांगलेल्या रेघांचा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला,
खडूने पांढरं झालेलं बोट जाड रेघेवरून खाली नेलं
आणि जिथे ती फुटते तिथे थांबवलं.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
"म्हणजे इथपर्यंत तुम्हाला ठाऊक आहे."
"हो."
"आणि इथून पुढे, ठाऊक नाही हे ठाऊक आहे."
"हो. आणि किती नाही, तेही."

कागदाची त्यांनी चार वेळा घडी घातली.
"मंत्रालयाच्या फॉर्मवर एकच चौकोन असतो," म्हणाले,
"दोन आकडे मावतात का बघतो."

बाहेर ग्नेल सेन्सर मोजत होता.
नऊ. परत मोजले. नऊ.
दहाव्याच्या शोधात तो टॉर्च घेऊन जर्दाळूंकडे गेला
आणि त्याच्या पावलांचे ठोके, एकामागून एक,
अजून कुठे तरी नोंदले जात होते.